श्रद्धांजली सभा की माईकची हौस?

आपल्या कोल्हापुरात पेठेतलं कुणी गेलं की तासाभरात व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, आणि निम्म्या लोकांना कळतच नाही नक्की कोण गेलं. निरोपात आधार कार्डावरचं नाव, आणि माणूस जन्मभर ‘आण्णा वायरमन’! पूर्ण नाव, टोपणनाव, गल्ली, वय आणि कुणाचे कोण, एवढं लिहाच. दुसरी गफलत ‘उद्या’ची. ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता’ हा निरोप चौथ्या ग्रुपवर पोचेपर्यंत ‘उद्या’ उलटून गेलेला असतो. वार, तारीख, वेळ घाला. नुसतं ‘स्मशानभूमी’ नको, पंचगंगा की कसबा बावडा ते सांगा. आणि जुना निरोप कॉपी करताना जरा बघा राव, दफनविधी झालेल्या माणसाचंही रक्षाविसर्जन छापून मोकळे होतात लोक.

सभा रक्षाविसर्जनाच्या गडबडीत उरकू नका. उत्तरकार्याच्या आधीची एखादी संध्याकाळ घरच्यांना विचारून ठरवा. आमदार-नगरसेवकांची वेळ मिळेना म्हणून सभा पुढं ढकलणं हा तर गेलेल्याचा अपमान, असं आमचं स्पष्ट मत आहे. येतील ते खाली सगळ्यांबरोबर बसतील.

फोटोचं काम त्याच दिवशी एकाकडं सोपवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबलेला असतो, १२ बाय १८ इंचाला मोठा केला की चेहरा फुटतो. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेल्या फोटोत खांद्यावर दुसऱ्याचाच हात राहतो, तेवढा काढायला सांगा. हार एकच, तोही चेहऱ्याखाली येईल असा. बाकीच्यांसाठी परातीत सुट्टी फुलं ठेवा, म्हणजे रांग भराभर सरकते. समई पंख्याखाली ठेवली की विझते, आणि मग कुजबुज सुरू होते. गेलेला माणूस मुस्लिम असेल तर हार-दिवा मांडण्याआधी घरच्यांना विचारा.

सगळं बिघडतं ते माईकवर. बोलणारे पाच, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि नावं आधीच ठरलेली. ‘आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?’ हे वाक्य सूत्रसंचालकानं तोंडातून काढू नये. ते म्हटलं की हमखास तो उठतो, जो गेलेल्यापेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलतो. पहिला मान तालमीतल्या किंवा कामावरच्या जुन्या जोडीदाराला. घरच्यांना बोलायचा आग्रह नको. त्यांच्या वतीनं आभार एखाद्या पाहुण्यानं मानावेत. जन्मसाल, नोकरी, पदं एका कागदावर लिहून घरच्यांकडून तपासून घ्या, नाहीतर प्रत्येक वक्ता वेगळं साल सांगतो. मौन दोन मिनिटं म्हणजे घड्याळ लावून दोन मिनिटं. पाऊण तासात सभा संपली पाहिजे.

गर्दीतच घरातल्या एका जाणत्या माणसाला बाजूला घेऊन मृत्यूनोंदीचं विचारा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती दवाखाना कळवतो, पण नावाचं स्पेलिंग आधार आणि बँक पासबुकाशी जुळतंय का ते घरच्यांनीच बघायचं. एक अक्षर चुकलं तरी पेन्शन, विमा, सातबारा सगळीकडं हेलपाटे.

राहिला चौकातला फ्लेक्स. गेलेल्याचा फोटो मध्यभागी, आणि भोवती पन्नास जिवंतांचे गॉगलवाले चेहरे. त्याच पैशात शेणी (गोवऱ्या) घ्या आणि पंचगंगा स्मशानभूमीला द्या. महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, तिथं शेणी कायम लागतात. फक्त ओल्या देऊ नका, पेट घेत नाहीत, नुसता धूर करतात. पावसाळ्याआधी वाळलेल्या घ्या आणि ट्रॉली भरण्याआधी तिथं ठेवायला जागा आहे का ते विचारा.