पंखा बंद ठेवा, लोकर कातायची आहे

घरी लोकर कातायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस आधी टकळी, म्हणजे हाताने भिंगरीसारखी फिरवून सूत कातायची काडी, विकत घेतो. टकळी हा या प्रकरणातला सगळ्यात निरुपद्रवी भाग. खरी परीक्षा घेते ती मेंढी, आणि तीही गैरहजर राहून.

आपल्याकडची लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची. काळी, राठ, निम्मी लोकर नि निम्मे केस. धनगर वर्षातून दोनदा कातरणी करतात आणि एका मेंढीमागे एका खेपेला पाव किलोच्या आसपास लोकर हाती लागते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ते मऊ आणि अर्थातच महाग. नवशिक्याने मोह आवरावा.

पिशवी उघडली की पहिल्यांदा घरच्यांना कळतं, मग शेजाऱ्यांना. वास जायला लोकर धुवावी लागते, पण त्याआधी वेचावी लागते. त्यात कुसळं, गोखरू, लेंड्या आणि माणदेशाची थोडी जमीन निघते. वेचायचा कंटाळा केलात तर तेच कुसळ पुढे सुतात येतं, सुतातून बोटात जातं.

धुण्याला पाणी साठ अंशांच्या आसपास, हात घालवणार नाही इतकं कढत. त्यात रिठ्याचं पाणी किंवा भांड्यांचा साबण. लोकर वरून अलगद दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं तिच्याकडे बघायचंही नाही. आपला हात धुणं दिसलं की चोळायला शिवशिवतो, तिथेच घात होतो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला गोळा, तयार होतो. तो जगातल्या कुठल्याही उपायाने सुटत नाही. पाणी गार होऊ दिलं तर सुटलेली चरबी परत लोकरीवर बसते. खळबळायचं पाणीही तेवढंच गरम हवं. म्हणजे त्या दिवशी गिझरवर कुणाचा हक्क, हे आधीच ठरवून घ्यावं.

सावलीत वाळवून मग पिंजायची. पिंजाऱ्याची धनुकली कुठून आणणार? कुत्र्याचे केस विंचरायचे बारीक तारांचे दोन ब्रश चालतात. एकावर चिमूटभर लोकर पसरायची, दुसऱ्याने हलकेच ओढायची. तारांत तारा रुतवल्या तर तंतू तुटतात आणि सुतात गुठळ्या येतात. पिंजलेल्या लोकरीचा सैल पेळू, म्हणजे कातायची लांबट वळकटी, वळायचा. या काळात पंखा बंद. एप्रिलमध्ये हा छंद कुणी का धरत नाही, ते इथे समजतं.

आता टकळी. तीस-चाळीस ग्रॅमची घ्या. जड टकळी सूत तोडते, हलकी लगेच थांबून उलटी फिरते. सगळं कसब दोन हातांमधल्या अंतरात आहे. ते तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त हवं. कमी असेल तर दोन्ही हात एकच तंतू ओढत बसतात आणि पेळू हलत नाही. फार वाढलं तर सूत निसटतं. पीळ वरच्या चिमटीपलीकडे पेळूत शिरला की ओढणं बंद पडतं. तेव्हा झटापट न करता टकळी गुडघ्यांत धरावी आणि थोडा पीळ उलगडावा. सूत तुटलं तर गाठ नको. दोन्ही टोकं पिंजून चार बोटं एकमेकांवर ठेवायची आणि पीळ द्यायचा. मांडीवर पांढरा पंचा घ्या, नाहीतर काळ्या सुतात काय चाललंय ते दिसणारच नाही.

माळ्यावरचा पेटीचरखा काढायची हौस येते. तो बारीक कापसाच्या सुतासाठी, त्याची चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई, भन्नाट फिरते. जाड लोकर त्यावर क्षणात दोरखंड होते.

शेवटी दोन सुतं उलट दिशेने एकत्र पिळायची, लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि टांगून वाळवायची. पन्नास ग्रॅम लोकरीचं दुहेरी सूत साधारण सत्तर-ऐंशी मीटर भरतं, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतंच, "माझ्यासाठी स्वेटर?" दख्खनी लोकरीचा स्वेटर गळ्याशी चांगलाच टोचतो. आसन करा. मागणाऱ्याला त्यावर बसवा.