‘टोन नॉब काढा, खरा आवाज ऐका’: एका पिकअपच्या गिटारीबद्दलच्या सल्ल्याचा प्रतिवाद

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. तो असा: एक पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) म्हणजे एकच आवाज. टोन नॉब (वरचे सूर कमी करणारा) १० वर असला तरी आवाज खातोच, तेव्हा तो काढून टाका. जमलं तर व्हॉल्यूमही काढा आणि पिकअप थेट जॅकला (केबल लागते त्या भोकाला) जोडा, म्हणजे शुद्ध आवाज मिळतो. काढायचा नसेल तर १ मेगओमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) आणि ऑइल-पेपरचा महागडा कपॅसिटर (टोन नॉबला जोडलेला, वरचे सूर ग्राउंडला वळवणारा भाग) बसवा. पुरावा म्हणून रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारीचा फोटो असतोच.

यातलं एकच वाक्य खरं आहे, तेही अर्धं. तिथूनच सुरुवात करू.

‘टोन १० वर असला तरी आवाज खातो.’

खातो, हे खरं. पण काय खातो आणि किती, हे कुणी सांगत नाही. फेंडर टेलिकास्टर जातीच्या गिटारीचा ब्रिज पिकअप घ्या, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात त्या ब्रिजजवळचा. हिशेबापुरतं धरू की त्याचा इंडक्टन्स ३ हेन्री आणि रोध ७ किलोओम आहे. केबलचे ५०० पिकोफॅराड आणि पिकअपचे स्वतःचे सुमारे १०० असे मिळून ६०० पिकोफॅराड होतात. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठराविक फ्रिक्वेन्सीला आवाज उचलला जातो. इथे ती येते ३.७५ किलोहर्ट्झच्या आसपास. गिटारीच्या आवाजाला जी चकाकी म्हणतात ती हीच.

हा उंचवटा किती टोकदार राहणार, हे त्याच्यावर किती भार आहे त्यावर ठरतं. व्हॉल्यूम २५० किलोओम, टोन २५० किलोओम आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट १ मेगओम, हे तिन्ही समांतर पडतात, म्हणजे पिकअपला दिसतात साधारण १११ किलोओम. टोनचा कपॅसिटर या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ शॉर्टसारखाच वागतो, त्यामुळे नॉब १० वर असतानाही टोन पॉटचे २५० किलोओम भारात धरावेच लागतात. टोन काढला की भार २०० किलोओमवर येतो आणि दोन्ही पॉट काढले की फक्त अ‍ॅम्पचा १ मेगओम उरतो. ओम जितके जास्त तितका भार हलका, आणि भार हलका झाला की उंचवटा वर येतो आणि आवाज उजळ होतो. इथपर्यंत सल्ला बरोबर.

चूक पुढच्या शब्दात आहे: ‘शुद्ध’. पिकअपचा शुद्ध आवाज म्हणून काही वेगळा ठेवलेला नसतो. पिकअप, पॉट, केबल आणि अ‍ॅम्पचा इनपुट हे एकच सर्किट आहे. केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅराड धरला, तर याच पिकअपचा उंचवटा ३ मीटरच्या केबलवर सुमारे ४.६ किलोहर्ट्झला येतो आणि ६ मीटरच्या केबलवर ३.५ला. पॉट काढून शुद्धता मिळवणारा माणूस स्टेजवर लांब केबल लावतो आणि निम्मी कमाई तिथेच घालवतो. शिवाय पिकअप बनवणाऱ्याने तारेचे वेढे ठरवले ते २५० किंवा ५०० किलोओमचा भार गृहीत धरूनच. तो भार काढला की बहुतेक सिंगल कॉइल (तारेची एकच गुंडाळी असलेले) पिकअप कानाला बोचायला लागतात. मग माणूस अ‍ॅम्पवरचा ट्रेबल ३ वर आणतो, म्हणजे गिटारीतला टोन नॉब काढून अ‍ॅम्पवरचा वापरतो.

टोनचा भार फक्त कधीकधीच नको असेल, तर त्यासाठी नो-लोड पॉट मिळतो. १० वर नेला की तो सर्किटमधून सुटतो आणि ९ वर आणला की परत जोडला जातो. काढण्यापेक्षा हे बरं.

‘एक पिकअप, एकच आवाज.’

हे १९५० सालीच खोटं ठरलं. लिओ फेंडर यांच्या एस्क्वायर गिटारीत पिकअप एकच होता, पण स्विच तीन ठिकाणांचा. मागच्या ठिकाणी टोन बाहेर राहायचा, मधे व्हॉल्यूम आणि टोन नेहमीसारखे चालायचे आणि पुढच्या ठिकाणी आधीच ठरवलेला दबका, जाड आवाज यायचा. पुढचं ठिकाण आज फारसं कुणाला आवडत नाही. ते बदलणं मात्र सोपं आहे.

टेलिकास्टरचा साधा तीन ठिकाणांचा ब्लेड स्विच घ्या. त्याला संपर्कांच्या दोन ओळी असतात, आपल्याला एकच पुरते. पिकअपची गरम तार व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट पायाला कायम जोडलेली ठेवा. त्याच पायावरून एक तार स्विचच्या सामाईक संपर्कावर न्या. आता त्या ओळीतला मागच्या ठिकाणाचा संपर्क रिकामा सोडा. मधल्या संपर्कावरून तार टोन पॉटच्या कडेच्या पायाला जाते आणि पॉटच्या मधल्या पायापासून २२ नॅनोफॅराडचा कपॅसिटर ग्राउंडला. पुढच्या संपर्कावर ४.७ नॅनोफॅराडचा कपॅसिटर लावा आणि त्याचं दुसरं टोक थेट ग्राउंडला द्या. झालं. स्विच कुठेही असला तरी पिकअप कधीच तुटत नाही, त्यामुळे स्विचचा संपर्क नीट लागला नाही तरी निदान आवाज तरी येतो.

वरच्याच पिकअपवर पुढच्या ठिकाणी उंचवटा सुमारे १.२५ किलोहर्ट्झला उतरतो. ऐकायला तो अर्ध्यावर रोखून धरलेल्या वॉ पेडलसारखा नाकातला आवाज लागतो आणि डिस्टॉर्शनवर तर फारच कामाचा आहे. ३.३ नॅनोफॅराड लावला तर उंचवटा दीड किलोहर्ट्झजवळ येतो, १० लावला तर ९०० हर्ट्झला. कपॅसिटर स्विचवर सोल्डर करण्याआधी दोन मगर-क्लिप लावून तिन्ही ऐकून घ्या.

‘टोन नॉबचा उपयोगच होत नाही.’

सल्ल्यासोबत ही तक्रारही ऐकू येते. ती खरी असते, कारण मात्र वेगळं. पुष्कळ स्वस्त गिटारींत टोनला लिनिअर पॉट (नॉब फिरेल त्या प्रमाणात रोध बदलणारा) बसवलेला असतो. मग १० पासून २ पर्यंत काही कळत नाही आणि शेवटी आवाज एकदम कांबळ्याखाली गेल्यासारखा होतो. पॉटच्या पाठीवर बघा: ‘बी२५०के’ असेल तर तो लिनिअर, ‘ए२५०के’ असेल तर लॉगरिदमिक. टोनला ‘ए’ लावा.

दुसरं कारण म्हणजे ४७ नॅनोफॅराडचा कपॅसिटर. टोन ० वर नेल्यावर त्याने उंचवटा ४२० हर्ट्झपर्यंत खाली जातो, २२ नॅनोफॅराडने ६०० पर्यंत. एका पिकअपच्या गिटारीत, विशेषतः तो ब्रिजजवळ असेल तर, १० नॅनोफॅराडही चालतो आणि नॉबचा सगळा फिरवटा कामाला येतो. नॉब फेकून देण्याआधी हा काही रुपयांचा बदल करून पाहायला काय हरकत आहे?

‘मोठा पॉट, मोकळा आवाज.’

व्हॉल्यूम १० वर असेपर्यंत हे पटतं. फेंडरच्या जाझमास्टरमध्ये १ मेगओमचे पॉट आहेत आणि ती उजळ वाजते, हेही खरं. पण व्हॉल्यूम जरा खाली आणा. वायपर (पॉटच्या मधल्या पायाचा सरकता संपर्क) पॉटच्या रोधाच्या बरोबर मध्यावर आला (लॉग पॉटवर हे नॉब ७-८ ला असताना होतं) की केबलला दिसणारा रोध पॉटच्या पाव हिश्शाइतका होतो. २५० च्या पॉटला ६२.५ किलोओम, ५०० च्या पॉटला १२५, १ मेगच्या पॉटला २५०. समोर ५०० पिकोफॅराडची केबल धरली तर ट्रेबल अनुक्रमे सुमारे ५.१, २.५ आणि १.३ किलोहर्ट्झपासून गळायला लागतो. म्हणजे मोठा पॉट घेतला की आवाज कमी करण्याची सोयच गेली. सिंगल कॉइलला २५०, हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५००, हा जुना पायंडा उगाच पडलेला नाही. पॉटमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात, म्हणून ‘२५०’ लिहिलेला पॉट २०० ते ३०० मधला कितीचाही निघू शकतो. बसवण्याआधी मोजाच.

व्हॉल्यूम कमी करताना ट्रेबल गळतो यावर दोन उपाय आहेत. पहिला, व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायांमध्ये १ नॅनोफॅराड आणि त्याला समांतर १५० किलोओम. नुसता कपॅसिटर लावला तर कमी आवाजाला पातळ, किरकिरा सूर येतो, म्हणून रोध हवा. त्या रोधाने नॉबची चाल थोडी बदलते, तेवढं चालवून घ्यावं लागतं. दुसरा उपाय पन्नासच्या दशकातल्या जोडणीचा: टोनची तार व्हॉल्यूमच्या इनपुट पायावरून काढून मधल्या पायावर लावायची. एकही नवा भाग लागत नाही. यात टोन फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलतो. दोन्ही उपाय एकदम करू नका.

‘ऑइल-पेपर कपॅसिटर लावा, आवाज उबदार होतो.’

फरक पडतो तो मूल्याने. २२ नॅनोफॅराडच्या जागी जुना ऑइल-पेपरचा लावला आणि तो मोजल्यावर २८ भरला, तर आवाज दबका होणारच. श्रेय मात्र तेलाला मिळतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत २२३ छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर मिळतो, तोच २२ नॅनोफॅराड. ४७२ म्हणजे ४.७, १०३ म्हणजे १०, १०२ म्हणजे १. व्होल्टेजची चिंता नको, पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी लहान असतो.

आणि व्हॅन हेलन?

त्या गिटारीत हंबकर होता, व्हॉल्यूम पॉटही होता. गंमत म्हणजे त्या एकुलत्या एका नॉबवर ‘टोन’ लिहिलेलं होतं. उलट १९५४ ची गिब्सन लेस पॉल ज्युनियर बघा: एक पी-९० पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. रॉक वाजवणाऱ्यांनी तिच्यातला टोन नॉब काही अडगळ मानला नाही.

हे सगळं करताना काम बिघडतं ते बहुधा पॉटच्या पाठीवरच्या ग्राउंडच्या सांध्यात. २५ वॅटच्या आयर्नने पाठ पुरेशी तापत नाही. कथील गोळीसारखं वर बसतं, दिसायला छान, पण खाली धरलेलं नसतं. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, ४० वॅट किंवा त्याहून जास्तीचा आयर्न घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम उरका. जास्त वेळ ठेवलात तर आतला कार्बनचा ट्रॅक जळतो. कपॅसिटरच्या उघड्या पायांवर स्लीव्ह चढवा, नाहीतर पॅनल बंद करताना ते पॉटच्या टोपीला टेकतात आणि आवाज गायब होतो.

ब्रिजची ग्राउंड तार ‘आवाज खाते’ म्हणून कापणारेही आहेत. ती कापू नका. गिटारीच्या तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर जोडणी बरोबर आहे. वाढली तर जॅकवरच्या दोन तारा उलट लागल्यात. आणि घूं घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडणं हा उपाय नव्हे: गिटारीच्या तारा ग्राउंडमधून अ‍ॅम्पला जोडलेल्या असतात, आणि २३० व्होल्टच्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर त्या तारा तुमच्या हातातच असतात.

पॅनल उघडण्याआधीची तपासणी एका मिनिटाची आहे. केबल गिटारीत घाला, व्हॉल्यूम १० वर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावा. ७ किलोओमचा पिकअप आणि २५० चा पॉट असेल तर ६.८ च्या आसपास दिसलं पाहिजे. टोन यात दिसत नाही, कपॅसिटर डीसी अडवतो. व्हॉल्यूम ० वर नेल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. १० वर असताना २५० दिसले तर पिकअपची तार किंवा तिचा सांधा तुटलाय. काहीच दिसलं नाही तर आधी दुसरी केबल लावून पाहा, मग जॅक.