एक पट्टी काढली, शेतकरीच गायब

भर सौद्याच्या वेळी सांगलीच्या मार्केट यार्डातून फोन, आमच्या पट्ट्यांच्या (शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशोबांच्या) सॉफ्टवेअरबद्दल. "सायेब, एक पट्टी चुकली व्हती, डिलीट मारली, तर शेतकरीच दिसंना झालाय." म्हटलं, शोधताना नाव चुकलं असेल. कसलं काय! शेतकरी गेला, त्याच्या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या गेल्या, राजापुरी हळदीचे लॉट, वजनं, हमाली, तोलाई, सगळं साफ.

का? तर आधीच्या महाभागानं पट्टीच्या क्लासमध्ये शेतकऱ्यावर मेनीटूवन (अनेक पट्ट्या, एक शेतकरी) लावून वर कॅस्केडटाईप ऑल, म्हणजे एकाला जे कराल ते जोडलेल्यालाही, डिलीटसुद्धा. आणि शेतकऱ्याच्या क्लासमध्ये पट्ट्यांवर पुन्हा ऑल! अरे, पोरगं गेलं म्हणून बापाला सरणावर कोण घालतं? नुसत्या डेटाबेसला शेतकरी काढायला सांगितलं असतं तर फॉरेन कीनं (पट्टीला शेतकऱ्याशी बांधणाऱ्या नियमानं) तोंडावर नाही म्हटलं असतं. पण हायबरनेट, जावा कोड आणि डेटाबेस यांच्या मधला गडी, पडला हुशार. आधी पट्ट्या लोड केल्या, एकेक करून मारल्या, मग शेतकरी. फॉरेन कीला तक्रारीला जागाच ठेवली नाही.

आणि हे मेनीटूवन बाय डिफॉल्ट ईगर (गरज नसली तरी लगेच लोड) कुणी मागितलं होतं? वनटूमेनी, म्हणजे शेतकऱ्याकडची पट्ट्यांची यादी, लेझी (हात लावेपर्यंत लोडच नाही), तेही इतकं की सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेलं बोलणं, मिटलं की लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन. पट्ट्यांची यादी उघडा, एका क्वेरीमागं प्रत्येक शेतकऱ्यासाठी एकेक क्वेरी. वनटूमेनीवर जॉईनकॉलम (जोडणारा कॉलम सांगणं) राहिला की न मागता तिसरं टेबल जन्माला. दोन लिस्ट एकदम फेच केल्या की मल्टिपलबॅगफेचएक्सेप्शन. मग कुणीतरी शहाणा लिस्टचे सेट करतो, एरर गप्प, कार्टेशियन प्रॉडक्ट (एका यादीची प्रत्येक ओळ दुसरीच्या प्रत्येक ओळीशी) तसाच, आणि हा कमिटमध्ये लिहितो 'फिक्स्ड'. लॉम्बॉकचं डेटा (टूस्ट्रिंगसारखा कोड आपोआप लिहून देणारी खूण) दोन्हीकडं डकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. टूस्ट्रिंग (वस्तू मजकूर म्हणून छापणारं) पट्टीकडून शेतकऱ्याकडं, शेतकऱ्याकडून पट्टीकडं, स्टॅक फुटेपर्यंत.

एवढा बोंबललो की शेजारच्या पोरीनं हेडफोन चढवले. आणि माझी तरी काय लायकी? 'एसक्यूएल हातानं लिहा रे' म्हणून चहाच्या गाड्यावर भाषणं ठोकणारा मीच, आणि नवं प्रोजेक्ट काढलं की पहिली डिपेंडन्सी स्प्रिंग डेटा जेपीए, आत तोच हायबरनेट. एवढ्या कॉलमांचं इन्सर्ट हातानं कोण लिहीत बसणार?

शेतकरी रात्रीच्या बॅकअपातून परत आणलाय. आजच्या पट्ट्या दिवाणजी वहीतनं बघून भरतोय, आणि प्रत्येक पट्टीला एक उसासा टाकतोय, फोनवर, मला ऐकू येईल असा. शेठ विचारतायत, "पुढच्या खेपेला चुकली तर काढायची कशी?" काढूच नका शेठ. 'रद्द' लिहा शेऱ्यात, तोवर ते ऑल उपटून काढतो.