फाटलेल्या सॉसला ठिगळ

आमच्या घरात भाज्यांना नाक मुरडणारं एकच मूल आहे आणि ते ४७ वर्षांचं आहे. मुलगी कच्चं गाजर कुडूमकुडूम चावत गृहपाठ करते. बायको वाफवलेला फ्लॉवर वर नुसती मिरपूड भुरभुरवून, चेहऱ्यावर कसलंही दुःख न दाखवता संपवते. मला मात्र वाफवलेला फ्लॉवर समोर आला की आपण आजारी माणसाला भेटायला आलोय असं वाटतं. काय बोलावं ते सुचत नाही.

मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, भाज्या वाढवा. ‘चीज सॉस घालून वाढवल्या तर चालेल का?’ हे मी विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर मिळतं.

घरी येऊन मी जाहीर केलं, “उद्यापासून रोज भाज्या खाणार. फक्त वर चीज सॉस हवा.”

बायको म्हणाली, “कर की.”

या दोन शब्दांत आमच्या संसाराची अठरा वर्षं मावतात.

आता चीज सॉस म्हणजे काय, तर वितळलेलं चीज. निदान माझी समजूत तशी होती. पातेल्यात थोडं दूध घेतलं, पावशेर चीजचे तुकडे टाकले, गॅस मोठा केला आणि ढवळत बसलो. पाच मिनिटांत पातेल्यात तीन वेगळे पदार्थ तयार झाले: तळाशी पांढरट पाणी, वर पिवळं तेल आणि मधोमध एक गोळा. गोळा चमच्याला असा चिकटला, की चमचा उचलला तर तोही आला आणि खाली ठेवला तर तोही बसला. मुलीने तो जमिनीवर आपटून बघायची परवानगी मागितली. दिली. उसळला नाही, तेवढंच समाधान.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की चीज हा वरून शांत दिसणारा पण आतून तणावात जगणारा पदार्थ आहे. केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी, ती कॅल्शियमने बांधलेली आणि त्या जाळीत चरबी नि पाणी कोंडलेलं. चरबी ३२ अंशांच्या आसपासच पातळ व्हायला लागते. जाळी सैलावली की चीज छान वाहतं, पण आच फार झाली की प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी-चरबीला पिळून बाहेर काढतात. थोडक्यात, नुसत्या चीजच्या जिवावर सॉस होत नाही. त्याला सांभाळून घेणारं कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी म्हणजे मैदा. लोण्यात मैदा परतायचा, त्यात दूध घालायचं आणि दाट झालेल्या या पांढऱ्या सॉसमध्ये शेवटी चीज. या पांढऱ्या सॉसला म्हणतात बेशमेल. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी बेशमेल आडनावाचे एक कारभारी होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. राजाच्या कारभाऱ्याच्या नावाचा सॉस म्हटल्यावर तो सरळ वागेल ही अपेक्षाच चूक. पहिल्या दिवशी मी त्याला बेशमेल म्हणत होतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या नावातली शेवटची दोन अक्षरं बदलून ‘बेशरम’ झालं होतं.

प्रमाण सोपं आहे: ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मी सगळं मोजून घेतलं. लोणी वितळलं, मैदा पडला, दोन मिनिटं परतला, कच्चा वास गेला. मग मी अर्धा लिटर दूध एका दमात ओतलं.

गुठळी या विषयावर मी आता अधिकाराने बोलू शकतो. गुठळी ही काही मैद्याची साधी गोळी नसते. ती किल्ला असते. मैद्याच्या ढेकळाला गरम दूध लागलं की बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत दुधाचा थेंब पोचू देत नाही. चमच्याने दाबली तर ती पातेल्याच्या कडेला सरकते, आडवी होते, वाट देते आणि चमचा उचलला की पुन्हा वर येऊन तरंगते. एक मी भिंतीशी कोंडून फोडली. आतून अगदी कोरडा, पांढराशुभ्र मैदा निघाला. दोनशे-अडीचशे गुठळ्या होत्या. मी अकरा फोडल्या.

बायको दाराशी उभी राहून बघत होती. ती सल्ला देत नाही. ती फक्त “अच्छा” म्हणते.

“अच्छा,” ती म्हणाली.

मग व्हिस्क आणला. त्याने गुठळ्यांची पिल्लं झाली. मग गाळणी. गाळणीखाली दुसरं पातेलं, पातेल्याखाली ताट, गाळणीत घोटायला पळी, पळी ठेवायला वाटी. सिंककडे मी पाठ केली होती, पण तिथली उंची पाठीला जाणवत होती.

खरं तर युक्ती एवढीशीच आहे. मैद्याचा कणन्‌कण लोण्यात माखला, की कण एकमेकांना चिकटत नाहीत. मग दूध आधी अगदी थोडं, पळीभर. ते घोटून गुळगुळीत लगदा झाला की आणखी पळीभर. पहिल्या दोन-तीन पळ्यांना जो घाई करतो तो पुढचा अर्धा तास गाळणीपाशी उभा राहतो. दूध गरम घ्यावं की गार, यावर लोक हिरिरीने भांडतात. मी दोन्ही करून पाहिलं. दुधाला काही फरक पडत नाही, आपल्या धीराला पडतो.

दुसऱ्या खेपेला बेशमेल असा जमला की मी तो चमच्याच्या पाठीवर घेऊन, त्यावर बोटाने रेघ ओढून घरभर दाखवत फिरलो. रेघ जागची हलली नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, मग आता चीज टाक ना.” पुढची चूक करताना मी आनंदात होतो, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

सॉस रटरटत होता आणि मी किसलेल्या चीजचं अख्खं पाकीट त्यात रिकामं केलं. यात दोन चुका आहेत. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे तो वितळतो, पण मनापासून वितळत नाही. आणि चीज पडायच्या आत गॅस बंद व्हायला हवा. सॉसच्या अंगची ऊब पुरते. मूठभर टाकावं, ढवळावं, विरघळलं की पुढची मूठ. मी गॅस बंद करायचा सोडून चव घेत होतो. चव उत्तम होती. पोत ओल्या रव्यासारखा. कडेने तेल सुटलं. सॉस फाटला.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं म्हणतात. सॉसचं तसं नाही. त्याला लावायचं ठिगळ बाजारात तयार मिळतं, तेही चौकोनी.

यामागे १९११ सालची गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते तापवलं आणि ते फाटलं नाही. हे सायट्रिक आम्लाचं मीठ. ते जाळीतलं कॅल्शियम पळवतं, जाळी सैल होते आणि मोकळी झालेली प्रथिनं चरबीला धरून ठेवतात. प्रोसेस्ड चीजचा जन्म यातून झाला. गंमत अशी, की सोडियम, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन या चौघांची इंग्रजी चिन्हं या मिठाच्या सूत्रात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने सलग वाचली, तर ‘नाचो’ असा शब्द होतो. इतरांना तो खाऊ वाटतो. मराठी माणसाला तो आशीर्वाद वाटतो: होवो, लाभो, नाचो.

तर मी फाटलेल्या सॉसवर प्रोसेस्ड चीजची एक चौकोनी चकती ठेवली, चमचाभर गार दूध घातलं आणि सगळं मिक्सरमधून फिरवलं. (मिक्सरचं भांडं, झाकण, रबर. सिंक.) सॉस सांधला गेला. चिमूटभर मोहरीची पूड, जरासं जायफळ. मीठ शेवटी, चव बघून, कारण चीज स्वतःचं मीठ घेऊन आलेलं असतं. चकचकीत, दाट, पळीवरून फितीसारखा ओघळणारा. मला भरून आलं.

आणि मग भाज्या आल्या.

फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असतं. ब्रोकोली थोडी कमी, पण तिचा तुरा हा स्पंजच असतो. उकळत्या पाण्यातून काढून मी दोन्ही थेट ताटलीत मांडल्या, वर सॉसची शाल पांघरली आणि सगळ्यांना हाक मारायला गेलो. आलो तेव्हा शाल घसरली होती. तुऱ्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि माझा सॉस ताटलीच्या कडेला फिकट तळं करून बसला होता. भाज्या मधोमध उघड्या, न्हाऊन निघालेल्या.

भाजी कणभर कच्ची असतानाच काढायची, गाळणीत निथळू द्यायची, मग रिकाम्या गरम पातेल्यात मिनिटभर परत ठेवायची, म्हणजे वाफ निघून जाते आणि अंग कोरडं होतं. हे मला ठाऊक होतं का? होतं. पण गाळणी कुठे होती?

बायकोने ताटलीकडे बघितलं. “अच्छा,” ती म्हणाली आणि सूप समजून चमच्याने खाल्लं. मुलीने ब्रोकोली तळ्यात बुडवून खाल्ली. मी म्हणालो, मला भूक नाही.

उरलेला सॉस डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री अकराला झोप येईना, म्हणून बघायला गेलो. गार होऊन तो खरवसासारखा घट्ट बसला होता. दूध घालून मंद आचेवर हलवला की पुन्हा सैल होतो, पण त्यासाठी पातेलं लागतं आणि सगळी पातेली मी सिंकमध्ये घातली होती. चमचेही. वाट्याही. एकही स्वच्छ चमचा घरात शिल्लक नव्हता.

शेजारच्या डब्यात गाजराचे बोटाएवढे लांब तुकडे होते, मुलीच्या शाळेसाठी कापून ठेवलेले. एक घेतला, सॉसमध्ये खुपसला, तोंडात घातला. मोडला नाही. पकड चांगली होती. चमचा संपला तेव्हा दुसरा घेतला. सॉस बराच होता, चमचे लागत गेले.

सकाळी मुलगी ओरडली, “आई, माझी गाजरं कुणी खाल्ली?”

“बाबा तर गाजर खात नाही,” बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. “उंदीर असेल. चीजसुद्धा संपलंय.”