दादाचा मोबाईल मुका करणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा सकाळी माझ्या सेवा केंद्राचं शटर अर्धं वर केलं, तर दादा पायरीवर बसलेला. माझा आतेभाऊ. मोबाईल पुढे करून म्हणाला, “पाय बरं याले का झालं तं. दोन दिवसापासून बोलूनच नाही राह्यला.”

दादाला दिसत नाही. तिशीत डोळ्याच्या पडद्याचा आजार लागला आणि पाच-सात वर्षांत होती नव्हती ती नजर गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीपासून आत आमचं गाव, गावात त्याचं किराणा दुकान. वजनकाटा वहिनी पाहते, उधारी दादाच्या डोक्यात असते, आणि यूपीआयचे पैसे आले की नाही ते मोबाईल त्याला वाचून दाखवतो. टॉकबॅकनं, स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीनं. म्हणजे ते दोन दिवस गिऱ्हाईक “काका, साठ टाकले” म्हणत होतं आणि दादा “बरं” म्हणत होता. टाकले की नाही, देव जाणे.

आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली. टॉकबॅक एरवी असाच सुरू होतो. काही नाही. सेटिंगमध्ये गेलो, तर ‘अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट’ (दिव्यांगांना मोबाईल वापरता यावा म्हणून असलेल्या सोयी) हे ॲपच कोणीतरी डिसेबल करून ठेवलेलं. टॉकबॅक ज्या घरात राहतो ते घरच पाडल्यावर बटणं दाबून ओ कोण देणार?

पुतण्याला फोन लावला. त्यानं लगेच कबूल केलं, वर शाबासकी मिळेल अशा सुरात: “काका, ग्रुपवर आलं होतं ना. ॲक्सेसिबिलिटी चालू असली की खातं खाली होते. म्या घरच्या साऱ्याइचे मोबाईल साफ करून देल्ले.”

तर हा तो मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. वर तिरंगा, खाली ‘सावधान! नवा वेब कायदा लागू’ आणि सात मुद्दे. १) सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं येत्या १ तारखेपासून प्रत्येक वेबसाइटवाल्याला, तो दुकानदार असो की बचत गट, १० लाख दंड. (कोणत्या महिन्याची १ तारीख, ते नाही.) २) अंधांसाठी वेगळी वेबसाइट बनवावी लागणार. ३) जुनी वेब मानकं रद्द, तिसरी आवृत्ती लागू. ४) मोबाईलमधली ॲक्सेसिबिलिटी हा हॅकरचा दरवाजा, ताबडतोब काढून टाका. ५) एक ओळीचा कोड टाका, वेबसाइट कायदेशीर. ६) सेवा केंद्रवाल्यांना ‘वेब ॲक्सेसिबिलिटी प्रशिक्षण’ सक्तीचं, दोन दिवस, फी ४,९९९ रुपये, ‘डब्ल्यूथ्रीसी मान्यताप्राप्त’ प्रमाणपत्र, नाहीतर आयडी बंद. ७) खेड्यात अंध लोक इंटरनेट वापरतच नाहीत, सगळं परदेशी कंपन्यांचं कारस्थान.

म्हणजे अंधांसाठी वेबसाइट नीट करा, अंधांचा मोबाईल बंद करा, आणि तसेही अंध लोक नाहीतच. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज वरून खालपर्यंत एकदाही वाचलेला दिसत नाही.

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण राग त्याचाच आहे.

यात अर्धं खरं आहे, आणि मनाविरुद्ध का होईना, ते मला मान्य करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी जबर आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटण दाबू शकतं. टॉकबॅकला ती लागतेच, स्क्रीन वाचल्याशिवाय तो सांगणार काय? आणि नेमकी हीच परवानगी चोरांची ॲपंही मागतात. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप) उघडली, ती मागेल त्याला ‘अलाऊ’ करत गेलात, की पुढचं ती फाईल पाहून घेते. अँड्रॉइड १३ पासून गुगलनं बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळू नये म्हणून अडकाठी घातली, ती याचमुळे.

पण रानडुक्कर शिरलं म्हणून आपण वावर पडीक टाकतो का? कुंपणाला जिथे भगदाड पडलं ते बुजवतो. इथलं भगदाड सापडायला सोपं आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, तिथे डाउनलोड केलेल्या ॲपची वेगळी यादी असते. तुम्ही न ओळखणारं काही त्यात चालू दिसलं तर ते बंद करा आणि ते ॲप काढून टाका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. टॉकबॅक, अक्षर मोठं करणारं भिंग, हे गुगलनंच दिलेलं आहे. त्याला हात लावायचं काम नाही.

आता ही अफवा गावात इतकी का चिकटली, त्याचं कारण मला माझ्या टेबलावरच दिसतं. महिन्यातून एखादा तरी घामाघूम होऊन येतो, “मोबाईल हॅक झाला, बाई बोलून राह्यली आतमंदी.” खिशात दोन्ही बटणं दाबली गेलेली असतात आणि टॉकबॅक सुरू झालेला असतो. मग एकदा बोट लावलं की ते फक्त वाचतं, उघडत नाही. उघडायला दोनदा टोकावं लागतं, सरकवायला दोन बोटं लागतात. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं मोबाईल हातातून गेला. मी तीच दोन बटणं पुन्हा तीन सेकंद दाबतो, बाई गप्प होते. एकानं त्याबद्दल मला खर्रा देऊ केला होता. तो माणूस दुसऱ्या दिवशी चौकात काय सांगत असेल? हॅकर होता, केंद्रवाल्यानं पळवला.

सातवा मुद्दा दोन ओळीत. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातले जवळपास ६९ टक्के खेड्यात. आणि ‘वापरतच नाहीत’ म्हणणाऱ्यानं दादाच्या दुकानात येऊन साठ रुपये टाकून पाहावेत. टॉकबॅक सुरू असताना.

आता कोर्ट. पहिल्या मुद्द्यानं आमच्या बचत गटाच्या ताया घाबरल्या. तूरडाळ आणि हळद विकायला गावातल्याच एका पोरानं त्यांना साधी वेबसाइट करून दिली आहे. परवा विचारत होत्या, बंद करून टाकावी का? दहा लाख कुठून आणणार?

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, हे खरं आहे. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन. पण तो निकाल कशाबद्दल होता ते ऐकाल तर मेसेज लिहिणाऱ्याची लाज वाटेल. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. ऑनलाइन केवायसी करताना ‘डोळे मिचकवा’ सांगतात ना, म्हणजे माणूस जिवंत आहे हे कळावं. ज्यांच्या पापण्या जळून गेल्या त्यांनी कसं मिचकवायचं? सोबत अंध वकील अमर जैन यांची याचिका होती. कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि २० निर्देश दिले. जिवंतपणा ओळखायला मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, ठरलेल्या मानकांप्रमाणे वेळोवेळी तपासणी करा, ॲप-वेबसाइट तपासताना अंध व्यक्तींना सोबत घ्या. हे निर्देश सरकारी खात्यांना आणि केवायसी करणाऱ्या संस्थांना आहेत. तूरडाळीच्या वेबसाइटला दहा लाखांचा दंड त्यात कुठेच नाही.

हे वाचताना मला मागच्या वर्षीची दुपार आठवली. दादाच्या खात्याची केवायसी संपलेली, एका बँकेचं ॲप, ‘चेहरा गोलात आणा’ असं नुसतं लिहून येतं. आवाज नाही. दादाला गोल दिसत नाही, मी त्याची हनुवटी धरून डावीकडे, उजवीकडे. गोल हिरवा झाला की ‘मिचकवा’. मी ओरडतो “मिचकव,” तो मिचकवतो, तोवर वेळ संपलेली. तीनदा. चौथ्यांदा दादा हसायला लागला आणि मग ॲपला चेहराच ओळखू येईना. शेवटी शाखेत जावं लागलं, एक दिवस दुकान बंद.

दंडाचं म्हणाल तर कायदा आहे, पण नवा नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्याच्या ८९ व्या कलमात पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख असा दंड आहे. आणि हो, तो कायदा फक्त सरकारपुरता नाही, खाजगी सेवा देणारेही त्यात येतात. एवढं मेसेजवाल्याच्या बाजूनं. १० लाख आणि १ तारीख मात्र त्यानं घरी बसून ठरवली.

दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्र. वेगळी वेबसाइट कोणी मागितलेली नाही. मागणी आहे ती एकच वेबसाइट सगळ्यांना चालावी अशी. त्याची मानकं डब्ल्यूथ्रीसी ही संस्था ठरवते, १९९९ पासून. ‘डब्ल्यूसीएजी’ म्हणतात त्यांना. आज चालू आहे ती २.२, ५ ऑक्टोबर २०२३ ला आलेली, आणि २०२५ मध्ये तीच आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा २०२१ पासून फिरतो आहे आणि तो मसुदाच आहे. पेरणीआधीच पीक कापायला निघालेत हे लोक.

२.२ मधल्या दोन-तीन गोष्टी तर मला कोणीतरी माझ्या केंद्रात बसून लिहिल्यासारख्या वाटल्या. बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं असावं, किंवा शेजारच्या बटणापासून तेवढं सुटं. कापूस वेचून भेगाळलेलं बोट ज्यानं स्क्रीनवर टेकवून पाहिलं त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एकदा भरलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नका. (पत्ता तीनदा भरायला लावणारे अर्ज बनवणाऱ्यांनो, ऐकताय ना?) लॉगिनला पासवर्ड पेस्ट करू द्या. अक्षर आणि पाठीमागचा रंग यात ४.५ ला १ फरक ठेवा, हे तर आधीपासूनच आहे. मे महिन्यात वावरात उभं राहून फिकी करडी अक्षरं वाचून दाखवा, मग म्हणा हे फक्त अंधांसाठी आहे.

तायांची वेबसाइट दादाकडून वाचवून घेतली. डाळीच्या फोटोवर बोट ठेवलं तर टॉकबॅक नुसता ‘इमेज’ म्हणाला. पिशवीच्या चिन्हावर ‘बटण, लेबल नाही’. दादा म्हणाला, “हे दाबलं तं डाळ येते का दुकान जळते, कसं समजन?” पोराला बसवलं. फोटोला ‘तूरडाळ, एक किलो’, बटणाला ‘पिशवीत टाका’. चहा थंड व्हायच्या आत झालं. वेगळी वेबसाइट नाही, दहा लाख नाहीत.

पाचवा मुद्दा, एका ओळीचा कोड. अमेरिकेत असाच दावा करणाऱ्या एका कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरण्याची पाळी आणली, खोट्या जाहिरातीबद्दल. मेसेजमधला दहा लाखांचा आकडा बहुतेक तिथूनच घरंगळत आला असावा. ‘पिशवीत टाका’ हे त्या कोडला कोण सांगणार?

सहावा. प्रशिक्षण वाईट नाही. मला स्वतःला हवं आहे, आमच्या सगळ्या केंद्रवाल्यांना हवं आहे. कोणी जिल्ह्याला नीट शिकवणार असेल तर मी पहिल्या बाकावर बसेन. पण डब्ल्यूथ्रीसी कोणाच्याही वेबसाइटचा दावा तपासून शिक्का मारून देत नाही, आणि कोपऱ्यावरच्या क्लासला मान्यताही वाटत फिरत नाही. त्यांची मानकं फुकट वाचता येतात. ‘डिजिटल ॲक्सेसिबिलिटी फाउंडेशन्स’ हा त्यांचा स्वतःचा ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट आहे. इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. तरी ४,९९९ वाचतात. ‘आयडी बंद’ची धमकी खाजगी नंबरवर पैसे पाठवायला सांगत असेल तर ती काय आहे ते केंद्रवाल्यांना मी सांगायची गरज नाही. तसले मेसेज घेऊन लोक रोज आपल्याकडेच येतात.

पुतण्यानं त्या दिवशी गावातले अकरा मोबाईल ‘साफ’ केले होते. त्याला घेऊन संध्याकाळी घरोघर फिरलो. दहा जणांना फरक पडलाच नव्हता. अकरावी पाटलांची आजी, तिचं भिंग बंद झालं होतं. मोबाईल बिघडला समजून तिनं तो पेटीत ठेवून दिला होता.

दादाचा टॉकबॅक सुरू केल्यावर त्याला तो मेसेज वाचून दाखवला, साती मुद्दे. मेसेज फोटो होता, त्यामुळे आख्ख्या ग्रुपमध्ये तो न वाचलेला हा एकटाच. ज्या रात्री आला तेव्हा टॉकबॅकनं त्याला ‘फोटो’ एवढंच सांगितलं होतं, आणि मग खाली लोकांची उत्तरं: ‘जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात’. दादानं वहिनीला हाक मारून विचारलं होतं, “कोन गेलं वं?”