ग्लासात दोन घोट आणि वेटर डोक्यावर

रेस्टॉरंटमध्ये रेड वाइनची बाटली मागवणं सोपं आहे. खरा प्रसंग ती टेबलावर आल्यावर गुदरतो. वेटर लेबल दाखवतो, आपण ते समजल्यासारखी मान डोलावतो. तो बूच काढतो, ग्लासात जेमतेम दोन घोट ओततो आणि हात मागे बांधून उभा राहतो. टेबलावरच्या गप्पा थांबतात. मेव्हणा मोबाइल उलटा ठेवतो. आता आपण काहीतरी बोलायचं असतं. बहुतेक जण 'छान आहे' म्हणून सुटतात, धाडसी मंडळी 'स्मूद' म्हणतात. बाटली इटलीच्या कियांती क्लासिकोची असेल तर हे दुसरं विधान धडधडीत खोटं असतं. ही वाइन आधी आंबट लागते, मग तुरट. ती बिघडलेली नसते, तिचा स्वभावच तसा आहे.

मुळात ते दोन घोट आपली आवडनिवड विचारायला ओतलेले नसतातच. बाटली खराब आहे का, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याला जीभ लागत नाही, नाक पुरतं. ग्लासातून ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात गच्चीवर विसरलेल्या रद्दीचा वास आला, तर बुचातून टीसीए नावाचं रसायन वाइनमध्ये उतरलंय. ते इतकं जहाल की लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी फळाचा वास मारून टाकतं. 'थोडी हवा लागू द्या, जाईल' असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, हवा लागली की तो वास आणखी उठून दिसतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा आला तर वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागलीय. रंग तपकिरी आणि वास शिळ्या सुक्यामेव्याचा असेल तर बुचातून हवा शिरलीय. या तिन्ही वेळी 'बाटली बदलून द्या' म्हणायचं, आवाज न चढवता. 'आंबट आहे' हे मात्र बाटली परत करायचं कारण नाही. वेटरने बूच समोर ठेवलं तर ते हुंगत बसू नका. त्याच्या कडेने वाइन पार वरपर्यंत झिरपलीय का, एवढं बघा आणि बाजूला ठेवा.

आता हा आंबट-तुरट कारभार येतो कुठून? इटलीच्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या डोंगराळ पट्ट्यातून. या पट्ट्याची हद्द 1716 साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून आखली. द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. ते उशिरा पिकतं, त्यात आम्ल भरपूर, आणि बिया-सालींतून येणारं टॅनिनही (तुरटपणा देणारं द्रव्य) दणकट. ब्रोलिओच्या किल्ल्याचे मालक बेत्तिनो रिकासोली (हे गृहस्थ दोनदा इटलीचे पंतप्रधान होते) यांनी 1872 मध्ये एका पत्रात कृती लिहून ठेवली: वास आणि जोम सांजोवेझेचा, त्याचा कडकपणा उतरवायला कानायोलो हे काळं द्राक्ष, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये मालवाझिया हे पांढरं द्राक्ष. पुढे सरकारने हीच सवलत मनावर घेतली. 1967 च्या नियमांत पांढऱ्या द्राक्षाचा वाटा किमान 10 आणि कमाल 30 टक्के ठरला. पांढरी द्राक्षं स्वस्त होती आणि उदंड होती, त्यामुळे वाइन पाणचट झाली. ती गवताने विणलेल्या गोल बुडाच्या फियास्को बाटलीतून जगभर गेली, आणि लोकांनी वाइन विसरून बाटलीत मेणबत्त्या खोचल्या. 2006 च्या हंगामापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षाला पूर्ण बंदी आहे. सांजोवेझे किमान 80 टक्के लागतं.

दुकानात उभं राहून करायचं काम म्हणजे बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा शोधणं. तो असेल तर क्लासिको, म्हणजे मूळ पट्टा. नुसतं 'कियांती' लिहिलेलं असेल तर आजूबाजूचा बराच मोठा प्रदेश. कोंबड्यामागची दंतकथा फर्मास आहे. हद्दीचा वाद मिटवायला फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन्ही शहरांतून पहिल्या आरवण्याला एकेक घोडेस्वार निघायचा आणि भेटतील तिथे सीमा, असं ठरलं. सिएनाने आपला कोंबडा खाऊ-पिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सने आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो बिचारा भुकेने मध्यरात्रीच आरवला आणि जवळजवळ सगळा मुलूख फ्लॉरेन्सला मिळाला. नावापुढे काही नसेल तर वाइन किमान 12 महिने मुरवलेली, 'रिझेर्वा' असेल तर 24, 'ग्रान सेलेत्सिओने' असेल तर 30. पहिल्यांदा घेणाऱ्याने साधी क्लासिकोच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. रिझेर्वा घेऊन 'आंबट आहे' म्हणण्यात जास्त पैसे जातात.

यानंतरचा छळ तापमानाचा. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य ज्याने रुजवलं त्याची रूम युरोपातली, दगडी भिंतींची होती. कियांतीला 16 ते 18 अंश हवेत. आपल्याकडे मे महिन्यात दिवाणखानाच 34 वर असतो. तेवढ्या गरम वाइनमधून फक्त अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये दीडेक तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घालून बाटली गळ्यापर्यंत बारा-पंधरा मिनिटं बुडवा. नुसता बर्फ नको, पाण्याविना तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही. अति थंडही करू नका: वास मिटतो आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. आणि ग्लासात बर्फाचे खडे टाकणाऱ्या काकांशी वाद न घालता त्यांच्यासाठी वेगळी, स्वस्त बाटली ठेवावी.

ग्लास एक-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. चाखण्यापुरते 50 मिली खूप झाले. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो. तरुण सांजोवेझे माणकासारखी लाल आणि आरपार दिसणारी असते, वय वाढलं की कडेला विटकरी झाक येते. शाईसारखी गडद दिसली तर उरलेल्या 20 टक्क्यांत मेर्लो किंवा काबर्ने ही द्राक्षं मिसळलेली असण्याचा दाट संशय घ्यावा. काचेवरून ओघळणाऱ्या धारा दाखवून 'बघा, काय क्वालिटी आहे!' म्हणणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतो. त्या धारा अल्कोहोल उडून पृष्ठताण बदलल्यामुळे येतात. इटालियन शास्त्रज्ञ मारांगोनी याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दर्जाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मग ग्लास फिरवणं. हवेत धरून फिरवण्याचा मोह पांढऱ्या शर्टवर फार महाग पडतो. ग्लासचा पाया टेबलावरच टेकवा, दांडा दोन बोटांत धरा आणि लहान लहान गोल काढा. पाच-सहा वळसे पुरे. मग नाक आत घालून छोटे छोटे श्वास घ्या, लांबलचक नको, कारण नाक काही सेकंदांत सरावतं आणि वास कळेनासा होतो. सरावलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं. आता अत्तर, अगरबत्ती, मोगऱ्याचा गजरा यांच्या सान्निध्यात हे जमत नाही. शेजारच्या टेबलावर सिझलर आला, तर धूर ओसरेपर्यंत थांबावं.

पुस्तकं म्हणतात, आंबट चेरी शोधा. आपल्याकडे चेरी म्हणजे केकवरची ती लाल गोळी, आणि ती बरेचदा पाकात मुरवलेलं करवंदच असते. मी म्हणतो, चेरीचा नाद सोडा. आलुबुखार शोधा, कोरा चहा शोधा. टोमॅटोच्या झाडाचं पान चोळल्यावर बोटांना जो हिरवट वास येतो तो शोधा, कुंडीत टोमॅटो लावणाऱ्यांना तो पहिल्या हुंगण्यात सापडेल. बाटली थोडी जुनी असेल तर चामडं आणि ओली माती येते. यातलं एखादंच सापडलं तरी भागलं. दहा वास सांगणारा माणूस बहुधा मागचं लेबल वाचून आलेला असतो.

आणि आता घोट. साधारण मोठा चमचाभर घ्या, गिळू नका. ओठ किंचित उघडून वाइनवरून हवा आत ओढा. याचा आवाज होतो आणि सासूबाई बघतात, पण हवेसोबत वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि चवीचा मोठा भाग तिथेच कळतो. वाइन हिरड्यांवरून फिरवा. गालांच्या कडेने लाळ सुटली तर ते आम्ल. हिरड्या आणि जीभ कोरड्या पडून खरखरल्या, जांभळं खाल्ल्यावर होतात तशा, तर ते टॅनिन. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंडातलं वंगण जातं आणि जीभ टाळूला घासू लागते. एकाच वेळी पाणी सुटणं आणि कोरड पडणं, हीच कियांतीची ओळख. घशात जळजळ झाली तर अल्कोहोल वरचढ झालंय, नाहीतर वाइन गरम आहे. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा. दहा सेकंदांच्या पुढे गेली तर बाटली चांगली. एका बैठकीत पाच-सहा वाइन चाखायच्या असतील तर थुंकायलाच हवं. त्यासाठी भांडं ठेवतात. कुंडी चालत नाही.

एवढं सगळं करूनही आवडली नाही, तर दोष बहुधा चखण्याचा असतो. टस्कनीत ही वाइन नुसती पीत नाहीत. तिथला पाव बिनमिठाचा, सोबत मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा. टॅनिनला धरायला प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते लाळेचा पिच्छा सोडतं, आणि टोमॅटोच्या आंबटपणापुढे वाइनचा आंबटपणा बेताचा वाटतो. आपण तिच्यासोबत मसाला शेंगदाणे आणि चिली चिकन मागवतो. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि शिक्षा वाइनला होते. बेताच्या तिखटाचं भाजलेलं मटण, पनीर टिक्का, टोमॅटो सॉसचा पास्ता जमतो. गुलाबजामनंतर घोट घेऊ नका, गोडावर ती निव्वळ चिंचेचं पाणी लागते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांत टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली हेच सांजोवेझे लावलं गेलं. तिथली 'सेत्ते' ही वाइन सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्योंची आहे. सराव तिच्यावर केला तर खिसा कमी दुखतो.

शेवटी शोकेसमधली बाटली. भेट आलेली, ट्यूबलाइटखाली उभी, शेजारी ताजमहाल, 'जुनी होऊ दे, किंमत वाढेल' या भरवशावर. उभ्या बाटलीत बूच सुकतं, सुकलेल्या बुचातून हवा शिरते, आणि उन्हाळ्याच्या गरमीने वाइन शिजून मुरंब्याच्या वासाची होते. साधी क्लासिको चार-सहा वर्षांत संपवायची असते, तीही आडवी आणि गारव्यात ठेवून. शोकेसमधली बाटली उघडताना बूच भुसभुशीत निघतं. स्क्रू मधोमध, सरळ घाला आणि दोन टप्प्यांत हळू ओढा. तुकडे पडलेच तर चहाच्या गाळणीतून गाळा, चवीला बाधा येत नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहते. चौथ्या दिवशी अर्धी वाटी टोमॅटोच्या सॉसमध्ये घालून पंधरा मिनिटं उकळू द्या. बाकीच्या वाइनचं आपोआप व्हिनेगर होईल म्हणून जे ती ओट्याखाली ठेवून देतात, त्यांनी दोन महिन्यांनी बूच काढण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी.