सोडिअम-क्लोरीन बॅटरी : सहापट, पण कशाच्या?

‘मिठावर चालणारी, लिथियम-आयनच्या सहापट क्षमतेची, निरुपद्रवी बॅटरी तयार झाली असून इलेक्ट्रोलाइटमध्ये (बॅटरीच्या दोन टोकांमधल्या, आयन वाहून नेणाऱ्या द्रवात) चिमूटभर पूरक द्रव्य मिसळले की ती हवी तितक्या वेळा चार्ज होते’, असा मजकूर सर्वत्र फिरतो आहे. त्याचे मूळ ऑगस्ट २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाच्या शोधनिबंधात आहे. संशोधन अस्सल आहे. मजकूर मात्र त्याच्यावर अन्याय करतो.

आधी ‘सहापट’ पाहू. निबंधातला १२०० मिलिॲम्पिअर-तास हा आकडा धन बाजूच्या एक ग्रॅम कार्बनमागे मोजलेला आहे. एवढा विद्युतभार साठवताना त्याच कार्बनवर सुमारे २.६ ग्रॅम मीठ बसते, हे साध्या रासायनिक गणितातून निघते. ते वजन धरले की आकडा ग्रॅममागे ३३० च्या आसपास उतरतो, आणि इलेक्ट्रोलाइट व जादा सोडिअम यांचे वजन तर अजून धरलेलेच नाही. लिथियम-आयनचा सुमारे २०० हा आकडा मात्र धन बाजूच्या संपूर्ण क्रियाशील पदार्थामागे असतो, म्हणून ही तुलनाच मुळात विषम आहे.

पूरकांचे श्रेयही चुकीच्या जागी दिले जाते. पहिल्या डिस्चार्जमध्ये इलेक्ट्रोलाइटमधल्या थायोनिल क्लोराइड या द्रवाचे विघटन होऊन गंधक, सल्फर डायऑक्साइड आणि मीठ तयार होते. पुढे चार्ज करताना त्या मिठातून सुटलेला क्लोरीन कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतो, म्हणूनच तो पुढच्या डिस्चार्जला हाताशी असतो. पुन्हा चार्ज होण्याचे मूळ या छिद्रांत आहे. पूरकांचे काम दुसऱ्या, म्हणजे ऋण टोकाला चालते : फ्लोरिनयुक्त सोडिअम क्षारांमुळे सोडिअम धातूवर सोडिअम फ्लोराइड असलेला थर तयार होतो आणि तो धातूला इलेक्ट्रोलाइटच्या माऱ्यापासून सांभाळतो. हा थर नसेल तर बॅटरी लवकर ढासळते, हे खरेच, आणि माझ्या मते या संशोधनातली सर्वांत मोलाची कारागिरी इथेच आहे. पण सच्छिद्र कार्बनविना नुसते पूरक काहीही साधणार नाही.

‘निरुपद्रवी’ हा शब्द तर धोकादायक आहे. थायोनिल क्लोराइड विषारी असून पाण्याशी जोरदार अभिक्रिया करते आणि हायड्रोजन क्लोराइड व सल्फर डायऑक्साइड हे वायू सोडते. पन्नासेक वर्षे वापरात असलेल्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियम-थायोनिल क्लोराइड बॅटऱ्या घट्ट सीलबंद असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

राहिले ‘हवी तितक्या वेळा’. निबंधाने छोट्या प्रयोगशाळेय सेलमध्ये चार्ज-डिस्चार्जची सुमारे २०० चक्रे दाखवली. जी बॅटरी एरवी एकदा वापरून फेकली जाते, तिच्या रसायनातून २०० चक्रे मिळवणे ही मोठी मजल आहे. मोबाइलच्या बॅटरीकडून मात्र त्याहून कितीतरी अधिक चक्रांची अपेक्षा असते.